कुत्र्याचा वाटा

शिकारीत कुत्र्याचा वाटा माणसाच्या वाट्याएवढा असतो. हा नियम मी केलेला नाही, माझ्या आज्याच्याही आधीपासूनचा आहे. डुक्कर पडलं की पळसाच्या पानांवर मटणाचे ढीग लावायचे. जितकी माणसं रान उठवायला हाक्यात चालली तितके ढीग, आणि जितकी पारख झालेली कुत्री तितके आणखी. मग एकेकाचं नाव पुकारायचं. कुत्र्याचं नाव आलं की त्याच्या धन्याने पुढे होऊन वाटा उचलायचा. आता कुत्रं काही शेरभर मटण खात नाही. त्याला आपली हाडं आणि आतडी. पण नाव पुकारलं जायचं, आणि ज्या घराचं नाव शिकारीत पुकारलं जातं ते घर गावात उभं आहे असं सगळे समजायचे.

आता शिकार नाही आणि वाटेही नाहीत. कायदा आला, बंदुका गेल्या, आणि डुकरं आमच्या वालाच्या शेतात जावयासारखी येऊन जेवून जातात. मी सांगतोय ते साठ-एकसष्ट सालचं. आमचं गाव रोह्याच्या खाली दोन कोसांवर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. आम्ही शेतकरी माणसं. खाडीचं खारं पाणी बांध घालून शेताबाहेर ठेवायचं, एवढाच आमचा तिच्याशी व्यवहार. पण हिवाळ्यात खाडीवर रानबदकं उतरत, त्यामुळे आमच्या कुत्र्याला दोन्ही यावं लागे. रानात वास काढणं, आणि पाण्यात पडलेलं बदक आणणं. नवं कुत्रं टोळीत घ्यायचं तर आधी पारख व्हायची, पौषातल्या चांदण्या तिजेला. सकाळी शेतात, दुपारी खाडीवर.

आणि पारखी मी. गुणाजी. माझ्याआधी माझा बाप होता, म्हणून मी. मला कुत्र्यांतलं कळत होतं हे खरं आहे. माझ्यातलं मला किती कळत होतं ते पुढे येईलच.

टोळीतली चांगली बंदूक मुसाची. मुसा आमच्या गावच्या मोहल्ल्यातला, भाताचा व्यापार करणारा, माझ्याच वयाचा. डुकराच्या दिवशी तो बार काढायचा आणि वाटा न घेता घरी जायचा. बदकांच्या दिवशी त्याचे दोन वाटे असत. त्याच्यासाठीच पारखेत एक अट होती, की कुत्र्याने बदक जिवंत आणलं पाहिजे. जखमी पक्षी जिवंत हाती आला तर मुसा बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवणार. कुत्र्याच्या तोंडात मेला तर त्याच्या घरी तो चुलीवर चढायचा नाही. म्हणून आमच्या कुत्र्याचे दात कसे, यापेक्षा त्याला ते कुठे वापरायचे नाहीत हे कळतं का, ते आम्ही बघायचो.

मुसाच्या मामाने मुंबईहून एक कुत्री आणली होती. कुणी साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला. लांब कानांची, बोटांमध्ये बदकासारखी कातडी असलेली. तिला आमच्या गावच्या कुत्र्यापासून पिल्लं झाली. मुसाची आई जमिलाबी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. एक कुत्री गोठ्यात राहते तेवढं पुरे, म्हणाली. दोनच पिल्लं जगली. त्यातला कुत्रा मी आणला, त्याचं नाव सरदार ठेवलं. तांबडी पिल्ली मुसाने बायजाला दिली.

बायजा म्हणजे आमच्या सखाची बायको. सखा माझा चुलतभाऊ, टोळीत माझ्या उजव्या अंगाला चालणारा. आदल्या सालच्या पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. वर्षभर टोळीने त्याचा वाटा बायजाच्या घरी पोचवला, तोही रिवाजच आहे. वर्ष सरलं की बंद. घरात चालणारा माणूस नाही, लहान मुलगी मालू आणि आंधळी सासू. आता शिकारीत सखाच्या घराचं नाव पुकारलं जाण्याची एकच वाट उरली होती. ती तांबड्या कुत्रीची. त्या वर्षी टोळीत जागा एकाच कुत्र्याची होती. म्हणजे सरदार किंवा तांबू.

मी आधी हसलो. कुत्रं शिकवणं हे बायकांचं काम आहे का, असं पारावर म्हणालो आणि लोकही हसले. बायजा काही बोलायची नाही. ती वाल बेणायला जाताना तांबूला बरोबर न्यायची, लाव्याचा वास लागला की खाली बसवायची. कोंबडीने कुठे आडोशाला अंडं घातलं की तांबूला ते तोंडातून आणायला लावायची. पहिली चार-पाच अंडी फुटली तेव्हा सासूने शिव्या घातल्या. पुढे एकही फुटलं नाही. बायजाचं माहेर पेणकडचं, मिठागरात काम करणाऱ्यांचं, अगदी पाण्याला लागून. त्यामुळे ती तांबूला खाडीवर न्यायची तेव्हा स्वतःही गुडघाभर चिखलात उतरायची. आमच्या गावची बाई खाडीत उतरत नाही. तेवढ्यावरूनही लोक हसले.

मी सरदारला काय शिकवलं? सरदारला मी लाडावलं. आपला तो बाब्या. तो अंगाने भरला होता, दिसायला राजबिंडा, आणि शीळ घातली की कान टवकारायचा. मला वाटलं, एवढं पुरे. मार्गशीर्ष सरता सरता मला कळून चुकलं की तो थंड पाण्याला भितो आणि तोंडात आलेलं दाबतो. पण पारख्याचंच कुत्रं बाद झालं तर पारख्याला कोण विचारणार? आणि तेही एका विधवा बाईच्या कुत्रीपुढे? दुकानावर आमचा पोपट न्हावी एकदा म्हणाला, या सालची पारख बायजानंच करावी, पारखी नुसता शिट्टी वाजवील. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

तिजेच्या दिवशी सकाळी शेतातली पारख झाली. वालाच्या वेलांत सरदार लाव्यांवर बंदुकीच्या गोळीसारखा घुसला आणि सगळी पाखरं उडवून लावली. तांबू मात्र पुढचा एक पाय उचलून अशी थांबली की तिच्या नाकापुढून बोट सरळ धरलं असतं तर लाव्यालाच लागलं असतं. मुसाने बंदूक खांद्यावरून काढलीसुद्धा नाही, नुसता बघत राहिला. आता सगळं पाण्यावर होतं.

पाण्यातली पारख अशी. मुसा होडीतून जायचा आणि पंख बांधलेलं जिवंत बदक पाण्यात सोडायचा. बदक पाण्याला लागलं की पारख्याने बिडी पेटवायची. बिडी संपायच्या आत कुत्र्याने बदक आणून धन्याच्या हातात द्यायचं. कुत्रं पाण्यात असताना धन्याने मागे हाक मारली तर कुत्रं बाद. हाक मारायची नाही, कारण शिकारीत कुत्र्याला स्वतःच्या हिमतीवर जावं लागतं. आणि हे सगळं भरती पूर्ण भरून पाणी उभं असतानाच करायचं. ती वेळ पारखी सांगेल ती.

तिथीची पाऊणपट केली की समुद्रात भरती भरायची वेळ येते. तीज म्हणजे सव्वादोन. आमच्या खाडीत पाणी वर चढून यायला आणखी तास. सव्वातीनला पाणी भरतं आणि अर्धी घटका नुसतं उभं राहतं. मग फिरतं, आणि तिजेची ओहोटी मोठी असते. हा हिशेब गावात मला येत होता. बाकीच्यांना काय, भरलेली खाडी चार वाजता जेवढी भरलेली दिसते तेवढीच साडेतीनलाही.

मी सरदारला पहिला सोडला. पाणी ताटात वाढल्यासारखं निश्चल होतं. बदक जागच्या जागी फिरत होतं. तरीही सरदार काठावर दोनदा मागे वळला. माझी बिडी मध्येच विझली. म्हणजे, मी विझू दिली. काडी पेटेना असं दाखवलं. सरदार एकदाचा गेला, बदक आणलं, आणि ते जिवंत होतं, जेमतेम. लोकांनी वाहवा केली.

मग मी बसलो. तंबाखू मळली. मुसाला काठावर बोलावून दुसरं बदक बघितलं, त्याची दोरी सैल आहे म्हणालो, सोडून पुन्हा बांधली. रोह्याहून आलेल्या पाहुण्यांशी पावसाच्या गोष्टी काढल्या. मला सगळं आठवतं. कुठला पाहुणा काय म्हणाला तेही. मी बोलत होतो आणि माझा डोळा काठाला लागलेल्या एका वाळक्या काटकीवर होता. ती आधी थांबलेली होती. मग हळूच समुद्राच्या दिशेने सरकायला लागली. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, चला, तांबू.

बायजा पुढे आली. पदर डोक्यावरून घेतलेला. ती हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, पानी फिरलंय."

तिने ते मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं होतं. माझी लाज राखली होती तिने. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "बायजा, पान्याची तिथी मला शिकवू नकोस. कुत्री सोडायची तर सोड, नायतर घरी ने."

कुणीतरी हसलं. मुसाने होडीतून माझ्याकडे पाहिलं. त्याला पाण्यातलं कळत होतं, पण पारखेत पारख्याच्या मध्ये कुणी बोलत नाही. त्याने बदक सोडलं.

तांबूने बाणासारखी उडी घेतली. बदक तोवर दहा हात खालच्या अंगाला वाहून गेलं होतं. ती त्याच्यामागे. ती जितकी जवळ जाई तितकं पाणी त्याला पुढे नेई. बिडी निम्मी झाली तेव्हा तिचं डोकं नारळाएवढं दिसत होतं, संपली तेव्हा सुपारीएवढं. पुढे खाडी वळते, तिथे कांदळवनाच्या खाली भोवरे पडतात. बायजा काठाने चालत होती, मग थांबली. तिने दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला होता. हाक बाहेर पडू नये म्हणून. ती माझ्याकडे बघत होती. पारख्याने बस म्हटलं असतं तर कुत्री बाद झाली नसती, तो अधिकार मला होता. मुसाने होडी वळवायची का म्हणून हात वर केला. मी मान हलवली, नको.

मग तांबू वळणाआड गेली.

मी थोडा वेळ थांबलो, माणसं चुळबुळायला लागली, आणि मी सांगून टाकलं की या सालची जागा सरदारची. टोळीत घेतलेल्या कुत्र्याला बांधतात ती पितळी घंटी त्याच्या गळ्यात बांधली. बायजा तिथे नव्हती. ती कांदळांच्या बाजूने चिखल तुडवत गेली होती, मालू तिच्यामागे रडत.

दिवस मावळायला त्या तिघी गावात आल्या. आम्ही पारावरच होतो. तांबू पोटापर्यंत काळ्या चिखलाने माखलेली, एक पाय टेकत नव्हता, शिंपल्यांनी पंजा फाटला होता. आणि तिच्या तोंडात बदक होतं. बायजाने ते घेतलं नव्हतं. बाईने कुत्रीला तसंच पारापर्यंत चालू दिलं होतं. माझ्यासमोर ती खाली बसली आणि तांबूने बदक तिच्या हातात दिलं. बदकाने मान वळवून पाराकडे पाहिलं. एक पीसही मोडलेलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "येळ गेली, बायजा. बाद."

ती उठली आणि गेली. बदक मुसाच्या हातात देऊन गेली.

त्यानंतर आम्ही तीन शिकारी केल्या. सरदारचं नाव पुकारलं गेलं आणि मी पुढे होऊन त्याचा वाटा उचलला. एका घरात दोन वाटे, माझा आणि कुत्र्याचा. माझी बायको शकू मटण करायची आणि ताटात वाढून मुकाट समोर बसायची. एकदा म्हणाली, हे बायजाकडं निऊन देऊ का. मी ओरडलो तिच्यावर. ते मटण मला गिळवेना. खोटं सांगत नाही, घास तोंडाशी जायचा आणि मला पदर दाबून धरलेले ते दोन हात दिसायचे. मग मी ताट सरदारपुढे ठेवायचो. तेवढा एकच न्याय त्या वर्षी झाला, की कुत्र्याचा वाटा कुत्र्याने खाल्ला.

बदकांवर गेलो तेव्हा सरदारने पाच बदकं आणली आणि पाचही मेलेली. मुसाने ती माझ्या पायाशी ठेवली. "तुझ्या सरदारानं आनलेलं आमच्या घरात चालत नाय," एवढंच तो म्हणाला. मग बंदूक पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीज होती रं गुणाजी. मला बी पाऊनपट येते."

चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून गावात दोन माणसं कुजबुजली तरी मला वाटायचं, पाऊणपटच चाललीय.

शिमग्यानंतर बायजा माहेरी गेली. सासूला आणि मुलीला घेऊन, दाराला कडी घालून. तांबूलाही नेलं. बंद दारावरून जाताना मी दुसरी गल्ली धरायचो. पावसाळा गेला, भात कापलं, वाल पेरला, तरी दार बंदच. सखाचं घर माझ्यामुळे बंद पडलं, हे मला कुणी म्हटलं नाही आणि कुणी म्हणायची गरजही नव्हती.

शेवटी मार्गशीर्षात मी एसटी धरली आणि पेणला गेलो. तिथल्या कासाराकडून नवी घंटी घेतली, सरदारच्या घंटीपेक्षा मोठी, आवाजाला खणखणीत. मनात पक्कं केलं होतं. टोळीला सांगून यंदा आणखी एक जागा करायची, वेळेवर पारख घ्यायची, तांबूच्या गळ्यात घंटी बांधायची. फिटलं. असं मला वाटत होतं. माणसाला गुन्हा कबूल करायचा नसला की तो बाजारात काहीतरी घ्यायला जातो.

मिठागराच्या बांधावर बायजाचा भाऊ काळुराम भेटला, त्याने हात करून दाखवलं. बायजा खाडीच्या काठावर उभी होती. तिने एक लाकडाचा तुकडा पाण्यात दूर फेकला, तांबू पोहत गेली, आणि अर्ध्या वाटेत बायजाने हाक मारली. तांबू वळून परत आली. बायजाने तिला भाकरीचा तुकडा दिला आणि पुन्हा फेकलं. मी बघत होतो तोवर दहा वेळा असं झालं असेल. मला बरं वाटलं. म्हटलं, हिने आशा सोडलेली नाही, पारखेची तयारी चाललीय. एवढा पारखी मी, आणि डोळ्यांपुढे काय चाललंय ते मला कळलं नाही.

मी तिला निरोप सांगितला. यंदा जागा आहे, तिजेला ये, मी स्वतः वेळेवर सोडीन. घंटीही दाखवली. झालं ते झालं, असंही म्हणालो. काय झालं ते म्हणालो नाही. ती घंटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येईन." चहा दिला, मी प्यायलो आणि परत निघालो. एसटीत मला झोप लागली. वर्षभरात पहिल्यांदा.

तिजेला ती आली. सारा गाव खाडीवर जमला होता, दर वर्षीपेक्षा जास्त. मी सव्वातीनच्याही आधीपासून काटकीवर डोळा ठेवून होतो. पाणी भरलं, उभं राहिलं. मी मोठ्याने म्हणालो, "तांबू पयली." मुसाने बदक सोडलं. मी बिडी पेटवली, आणि ती जितकी हळू ओढता येईल तितकी हळू ओढत होतो.

तांबू गेली. जुन्या जखमेने तिचा एक पाय पाण्यात थोडा मागे पडत होता, पण ती सरळ जात होती. आठ हात राहिले, सहा हात. मी खिशातली घंटी मुठीत धरली.

"तांबू!" बायजाने हाक मारली. "ये, फिर मागं!"

आणि तांबू वळली. बदक नाकापुढे असताना वळली, काठाला आली, अंग झाडलं आणि तिच्या पायाशी बसली.

सगळे थक्क झाले. मी म्हणालो, "बायजा, हे काय केलंस? तुला ठावं हाय ना, हाक मारली की बाद."

"ठावं हाय," ती म्हणाली. आता ती हलक्या आवाजात बोलत नव्हती. "गेल्या साली मला ठावं व्हतं का पानी फिरलंय. तरी म्या सोडली. वाट्यासाठी सोडली. ती मरायला जात व्हती आन म्या तोंड दाबून उभी ऱ्हायले. वर्सभर झोप नाय मला. म्या तिला मागं फिरायला शिकवलंय, भावजी. ह्येच दाखवाया आले. वाटा नको मला."

तिने दोष घेतला तो स्वतःचा. माझं नावही घेतलं नाही. तिच्यावर काय बेतलं होतं ते सगळ्यांना समजत होतं, मुसा माझ्याकडे बघत होता, शकू बायकांत उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझं काम एवढंच होतं की बाद म्हणायचं. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. जिचा काही गुन्हा नाही ती गावासमोर पदर पसरून उभी, आणि ज्याने केलं तो खिशात घंटी धरून. मला स्वतःची शिसारी आली.

"पानी फिरलं व्हतं," मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो. "गेल्या साली पानी फिरलं व्हतं आन ते मला ठावं व्हतं. म्या मुद्दाम येळ घालवली. सरदारासाठी. मुसाला होडी बी वळवू दिली नाय. पारखी बाद."

मला वाटलं होतं, कुणी शिव्या घालील, कुणी थुंकेल. पोपटसुद्धा गप्प. त्या शांततेत मला तिथे उभं राहवेना. आणि बघतो तर काय, या सगळ्या बोलण्यात अर्धी घटका गेली होती. काटकी सरकायला लागली होती. पंख बांधलेलं बदक हळूहळू समुद्राकडे निघालं होतं, आणि सगळे बदकाला विसरले होते.

मी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. काहीतरी करायचं होतं, आणि समोर तेवढंच होतं. पंचेचाळिशीचा माणूस, पोहणं विहिरीत शिकलेलं. पहिल्या दहा हातांत वाटलं, हातात आलंच. मग पाण्याने मला खालून धरलं. ओहोटीला वरून काही दिसत नाही, पण ती पाय धरून ओढते. बदक पुढे, मी मागे. धोतर पायांना गुंडाळलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मी मान वळवून पाहिलं तर काठावरची माणसं लहान दिसत होती, आणि तेव्हा मला कळलं की तांबूला आम्ही कसे दिसलो असू. मला भीती वाटली. पण परत कसा फिरू? कुठल्या तोंडाने? मी हात मारत राहिलो. वळणावरची कांदळं जवळ येत होती.

मागून मुसा काहीतरी ओरडत होता. होडी आणतोय म्हणत असेल. मी थांबलो नाही.

मग बायजाची हाक आली. गावात बाई दिराला नावाने हाक मारत नाही. तिने मारली.

"गुणाजी भावजी! फिरा मागं! जाऊ द्या त्ये बदक!"

मी फिरलो. काठाच्या बाजूने आडवा हात मारत, चिखलाला पाय लागेपर्यंत आलो, मग गुडघ्यांवर आणि हातांवर. बदक मुसाने होडीतून उचललं आणि त्याची दोरी सोडून दिली. मी काठावर पडून ओकत होतो, तोंडात चिखल, पाय शिंपल्यांनी फाटलेले. बायजा आली नाही. तिने शकूला सांगितलं, भावजींची कापडं बदला, थंडी हाय. आणि तांबूला घेऊन सखाच्या घराची कडी काढायला गेली.

खिशातली घंटी पाण्यातच कुठेतरी गेली. पारखीपण मी त्याच दिवशी सोडलं. टोळीने बायजाकडे वाटा पाठवला, तिने तीनदा परत केला आणि चौथ्यांदा ठेवून घेतला. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच गल्लीत राहिलो, लग्नाकार्याला एकत्र बसलो, आणि तो विषय निघाला नाही. पण खाडीवर गेलो आणि ओहोटी लागलेली दिसली की मला तेच ऐकू येतं. मी बुडत होतो तेव्हा बायजाने मला हाक मारली. तांबू बुडत होती तेव्हा एक शब्द पुरला असता. तो माझ्याजवळ होता.